जावा-शब्दांची सत्यप्रत

“सारख्याच अर्थाचे दोन-दोन शब्द काढलेच कशाला मेल्यांनी? एक पुरला नसता?”

सानिका हे स्वतःशीच पुटपुटली. पण पावसकरांच्या स्वयंपाकघरात एक माणूस ओट्याशी उभा राहिला, की दुसऱ्याला फ्रिजला पाठ लावूनच उभं राहावं लागतं. त्यामुळे तिथे स्वतःशी म्हणून काही पुटपुटायची सोय नाही. तिच्या आईने, सावित्रीने ते ऐकलं. हातात अर्धा साफ केलेला बांगडा होता, तो तिने तसाच धरून ठेवला आणि पुढचं काही कानावर पडतंय का ते पाहिलं. पुढचं काही पडलं नाही. नुसती पानं उलटल्याचा आवाज आला, आणि तो रागाने उलटल्याचा होता.

सानिका नर्स. रत्नागिरीतच एका खाजगी दवाखान्यात होती. आयर्लंडमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलने तिला निवडलं होतं, पण नर्सांची इंग्रजीची परीक्षा पास झाल्याशिवाय ते घेणार नव्हते. दोनदा ती देऊन झाली होती आणि दोन्ही वेळा लेखी भागात थोडक्यासाठी गाडी अडली. तिसरी खेप एप्रिलात. जागा जूनअखेरपर्यंतच राखून ठेवणार होते. ऑनलाइन क्लासच्या सरांचं म्हणणं, बाकी सगळं ठीक आहे, पण ही मुलगी एकमेकांजवळचे शब्द एकमेकांच्या जागी बसवते. जखम डॉक्टरने ‘हील’ केली म्हणते, आणि ताप ‘ट्रीट’ झाला म्हणजे तो गेलाच असं समजते.

सावित्रीने बांगडा खाली ठेवला, हात धुतले आणि सांगितलं, “एप्रिलपर्यंत मी बघते.”

आता, बघणारी सावित्री स्वतः दहावीला इंग्रजीत कशीबशी काठावर सुटलेली. पुढे शिकली ती एकटीच. औषधांच्या खोक्यांतून घडी घालून येणारे ते पातळ कागद असतात ना, जे कुणीच वाचत नाही, ते ती वाचायची. सानिका शाळेत होती तेव्हा उद्याचा इंग्रजीचा धडा दुपारी आपण आधी शिकायची आणि संध्याकाळी जन्मापासून येत असल्यासारखी शिकवायची. सानिकाला हे आठवीपर्यंत कळलं नाही. आठवीत कळलं, पण कळल्याचं तिने दाखवलं नाही. त्या घरात अशा बऱ्याच गोष्टी एकमेकांना कळलेल्या असतात आणि दाखवलेल्या नसतात.

सावित्रीने आधी शब्दकोश काढला. तासाभरात तिला शब्दकोशाची कार्यपद्धती समजली, कारण नवरा सरकारी ऑफिसात हेडक्लार्क. एका शब्दाकडे गेलं, की तो म्हणतो पलीकडच्या टेबलावर विचारा. पलीकडच्याकडे गेलं, की तो म्हणतो तुम्ही आत्ता आलात ना, तिथेच विचारा. मिटवून ठेवला तिने तो. आणि मग रात्रीचा भात वैरताना तिला एकदम उजेड पडला. हे शब्द म्हणजे जावा.

जावांच्या बाबतीत सावित्रीचा अधिकार वादातीत होता. पालीला सासरच्या घरी तिला दोन जावा. लांबून बघणाऱ्याला तिघी एकच. आडनाव एक, देव एक, गणपतीत नेसायची साडीही एकाच दुकानातली. पण थोरलीच्या जागी धाकटीला बसवून बघा म्हणजे कळेल. थोरली नुसती दारात उभी राहिली तरी मुलं हात धुऊन येतात. धाकटीने ओरडून सांगितलं तरी येत नाहीत, पण पडली-झडली तर रडायला तिच्याकडेच जातात. तेव्हा जाऊ ओळखायची ती नात्याने नव्हे, वागण्याने. शब्दाचंही तसंच. आणि वागणं कळायला जिवंत माणूस समोर हवं.

झालं. सावित्रीने दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर ‘जावा-शब्द’ असं लिहिलं आणि प्रत्येक शब्दापुढे ओळखीतलं एकेक माणूस बसवायला सुरुवात केली. दवाखान्याचे शब्द लवकर झाले. ‘हील’ म्हणजे धाकट्या जावेचा गुडघा, आपला आपण भरून आला. ‘क्युअर’ म्हणजे सानिकाचा लहानपणचा मलेरिया, औषधाने मुळासकट गेला. ‘ट्रीट’ म्हणजे सासूबाईंचा दमा, वीस वर्षं सगळ्यांनी उपचार केले. सानिका वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, “आई, हे आता मरेपर्यंत नाही विसरायची मी.” गेल्या सहा महिन्यांत ती पहिल्यांदा हसली होती. तिथे सावित्रीने थांबायला हवं होतं. पण स्वतःची विद्या कधी नव्हे ती उपयोगाला आलेल्या माणसाला थांबणं जमत नाही.

माणसांचे स्वभाव सांगणारे शब्द आले आणि वही इमारतीत शिरली.

इमारत तीन मजली, बारा बिऱ्हाडांची, साळवी स्टॉपच्या मागच्या बाजूला. सावित्रीला मुद्दाम लांब जायची गरजच पडली नाही. ‘फर्म’ म्हणजे सानिकाच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर, भेटीची वेळ संपली की सख्ख्या भावालाही बाहेर काढतात. ‘स्टबर्न’ म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी रामा मयेकर, चार वर्षं झाली, कोकमं वाळवायला गच्चीची किल्ली देत नाहीत. ‘एलोक्वंट’ म्हणजे मिरकरवाड्याच्या जेटीवर लिलाव पुकारणारा माणूस, दहा वाक्यांत टोपलीभर मासळीचं चित्र उभं करतो. ‘टॉकेटिव्ह’ म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या ज्ञानेश्वरी मॅडम, दहा वाक्यांत अजून पहिल्या विषयावर आलेल्या नसतात. ‘थ्रिफ्टी’ म्हणजे मी स्वतः, पैसा जपून वापरते. ‘स्टिंजी’ म्हणजे आमचे हे, आलेली पाकिटं उलटी चिकटवून पुन्हा वापरतात. ‘क्युरियस’ म्हणजे खालची छोटी वेदिका, समुद्र रात्री कुठे जातो विचारते. ‘नोझी’ म्हणजे समोरच्या काशीवहिनी, आमची बेल वाजली की आमच्याआधी त्यांचं दार उघडतं.

यात सावित्रीच्या मनात वाईट काही नव्हतं, हे इथे नमूद केलं पाहिजे. डॉक्टर जसा हाडांचा सांगाडा भिंतीला टांगतो, तसा तिने शेजार टांगला होता. शिकवणी आपली.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. सावित्री काहीतरी लिहिते म्हटल्यावर सल्ले आले. मयेकरांचं मत पडलं, की इंग्रजी यायचं तर बँकेची जुनी पत्रं वाचावीत. त्यांच्याकडे निवृत्तीनंतर आणलेली एक ट्रंकभर आहेत. ज्ञानेश्वरी मॅडमनी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेलं. त्यांनी जिन्यात गाठून सांगितलं, की या वयात मुलीला शब्द शिकवून उपयोग नाही, पाया पाहिजे, आणि पाया म्हणजे काय ते पाऊण तास सांगितलं. काशीवहिनींनी दार किलकिलं करून एवढंच विचारलं, “पोरगी नक्की जाते काय गो?” सावित्री म्हणाली, परीक्षा तर होऊ दे, आणि दूध उतू जातंय असं सांगून आत गेली. गॅसवर दूध नव्हतं.

परीक्षेला पंधरा दिवस राहिले, तेव्हा सानिकाला दवाखान्यात न्यायला वहीची एक प्रत हवी झाली. सावित्रीने वही लवूभाऊंच्या डब्याच्या पिशवीत घातली आणि जेलनाक्याजवळच्या नितेशच्या दुकानातून झेरॉक्स आणायला सांगितलं.

लवूभाऊ म्हणजे सावित्रीचे यजमान. चौतीस वर्षं नोकरी झालेली, चौदा महिने राहिलेले. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एकही प्रत बिनशिक्क्याची बाहेर गेली नव्हती. नितेशने झेरॉक्सचा गठ्ठा पुढ्यात ठेवला, तो त्यांनी ऑफिसात नेला, आणि तिथे जेवणाच्या सुट्टीत पानामागून पान सही करून ‘सत्यप्रत’ असा शिक्का मारला. हात आपोआप चालतो त्यांचा. वाचायची पद्धत नाही. वाचत बसले असते तर चौतीस वर्षांत हेडक्लार्क झाले नसते. आपण स्वतः ‘स्टिंजी’ असल्याचंही त्यांनी त्याच दिवशी प्रमाणित केलं, खाली तारखेसह.

बरं, ती प्रत सानिकाच्या हातात आली असती तर काही बिघडलं नसतं. पण संध्याकाळी त्यांनी वही आणि प्रत दोन्ही नितेशकडे बायंडिंगला टाकली. नितेश माणूस फार चांगला; अनर्थ करायला असेच लागतात. त्याने चार पानं चाळली, त्याला सगळं कळलं, आणि शाळेत आपल्याला न कळलेलं इंग्रजी कळल्याच्या आनंदात त्याने सरकारी शिक्का असलेल्या प्रतीवरून चाळीस प्रती काढल्या. स्पर्धा परीक्षेची मुलं येतात त्याच्याकडे, त्यांच्यासाठी. निळं कव्हर लावलं, ‘सावित्री मॅडमचे इंग्रजी’ असं नाव घातलं आणि आठवड्याभरात त्या खपल्यासुद्धा. सावित्रीला सरप्राइज द्यायचं होतं त्याला.

ते मिळालं. सानिका मुंबईला परीक्षा देऊन आली, आणि त्याच आठवड्यात ज्ञानेश्वरी मॅडमच्या पुतण्याने निळं पुस्तक घरी आणलं.

पहिल्या दिवशी जिन्यात कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी पावसकरांच्या दारात ठेवलेली कचऱ्याची बादली जाणारा येणारा पायाने बाजूला सरकवू लागला. तिसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरी मॅडम सावित्रीसमोरून एक शब्दही न बोलता गेल्या, आणि ही गोष्ट इतकी अघटित होती, की सावित्रीला आपण काय करून बसलोय ते तिथे जिन्यातच समजलं. चौथ्या दिवशी लवूभाऊ ऑफिसातून लवकर घरी आले. हातात पाकीट होतं. मयेकर बँकेतून निवृत्त झालेले; तक्रार तोंडी करायची नसते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ती तीन प्रतींत लवूभाऊंच्या ऑफिसला केली होती, आणि ऑफिसने विचारलं होतं, की आपण ‘रामा मयेकर हे स्टबर्न आहेत’ या मजकुराची सत्यप्रत कोणत्या अधिकारात दिलीत, मूळ कागदपत्र कोणतं व ते कोणत्या कार्यालयाने निर्गमित केलं आहे, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा.

लवूभाऊंनी ते पत्र तीनदा वाचलं. आयुष्यात त्यांनी अशी शेकडो पत्रं पाठवली होती; आलेलं हे पहिलंच.

“मूळ कागद आमच्या घरचा आहे असं लिहू?” त्यांनी विचारलं.

सावित्रीला हसू यायला हवं होतं, पण त्यांचा चेहरा बघून आलं नाही. चौदा महिने राहिलेला माणूस. ती मयेकरांकडे गेली, चुकलं म्हणाली. मयेकर म्हणाले, चुकलं हे तोंडी झालं. रविवारी सोसायटीची सभा लावतो, तिथे काय ते होऊ दे, मग तक्रार मागे घ्यायची की नाही ते बघू. जिन्यातल्या फळ्यावर सूचना लागली. विषय क्रमांक एक: सभासदांच्या स्वभावाबाबत इंग्रजीतून झालेले लिखाण. विषय क्रमांक दोन: पाण्याची टाकी.

या गडबडीत शुक्रवारी दुपारी सानिकाचा निकाल आला.

ती फोन घेऊन स्वयंपाकघरात आली आणि फ्रिजला पाठ लावून उभी राहिली. सावित्रीने फोन हातात घेतला, चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. पास. लेखी भागात तर मागितले होते त्याहून वर गुण. “बघ,” सावित्री म्हणाली, “मी सांगितलं होतं.” लवूभाऊ “छान, फार छान” म्हणाले आणि पेढे आणायला गेले. पेढ्यांच्या दुकानात माणसाला किती वेळ लागतो? ते दीड तासाने आले, आणि हातात पेढ्यांबरोबर बॅगेच्या चाकांना घालायचं तेल होतं. जेवताना तिघंही सोसायटीच्या सभेबद्दल बोलत राहिली. सभेबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ होतं, ही केवढी सोय.

शनिवारी पेढे फिरले, आणि रागावलेल्या अकरा घरांनी ते घेतलेही, कारण भांडण आईशी होतं. प्रत्येकाने सानिकाला काही ना काही सांगितलं. थंडीचं जाकीट इथून घेऊ नको. कोकम बॅगेत घालशील तर तिकडचे लोक उघडून बघतील. आता काय बाई, रोज व्हिडिओ कॉल, शेजारच्या खोलीत असल्यासारखं. सावित्री सगळ्यांना हो हो म्हणत होती आणि मनातल्या मनात रविवारच्या सभेतली उत्तरं जुळवत होती. खुलाशाला आता तीनच दिवस उरले होते.

रविवारी पाच वाजता पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. सावित्रीला वाटलं होतं, सगळे म्हणतील, आमची नावं काढून टाका. काढायला ती तयारच होती. पण नाव काढा असं कुणीच म्हटलं नाही. चाळीस प्रती गावात गेल्यात, आता काढून करणार काय? त्यांना जाऊ बदलून हवी होती. मयेकरांना ‘स्टबर्न’मधून ‘फर्म’मध्ये जायचं होतं. त्यांनी पुरावे आणले होते. चार वर्षांपूर्वी कुणीतरी टाकीचं झाकण उघडं टाकलं, कावळा आत पडला, आठ दिवस सगळी ते पाणी प्यायली. तेव्हापासून किल्ली आपल्याकडे. हा हट्ट आहे की ठामपणा? मुद्दा बरोबर होता. पण सावित्रीचाही शिक्षकी बाणा जागा झाला होता. तिने नम्रपणे विचारलं, की मी म्हटलं होतं तुम्ही स्वतः खुर्ची घेऊन टाकीपाशी बसा, तासाभरात कोकमं पसरून उतरते, तेव्हाही का नाही दिलीत? शेवटी टाकीच्या बाबतीत ‘फर्म’, कोकमांच्या बाबतीत ‘स्टबर्न’ अशी नोंद सर्वानुमते ठरली, आणि त्यांनी ती इतिवृत्तात स्वतःच्या हाताने लिहिली.

मग ज्ञानेश्वरी मॅडम उठल्या. आपण ‘टॉकेटिव्ह’ नाही हे सिद्ध करायला त्यांनी सुरुवात केली आणि पंचवीस मिनिटांनी कुणाच्या तरी खोकल्यामुळे त्यांचं घड्याळाकडे लक्ष गेलं. त्या थांबल्या. खाली बसल्या. म्हणाल्या, “राहू दे. पण तो लिलाववाला माझाच विद्यार्थी आहे, एवढं तरी लिही.” सावित्रीने ते लगेच लिहिलं, आणि डोळे पुसले, कारण पंचवीस मिनिटांत मॅडम खरोखरच फार चांगलं बोलल्या होत्या, जरा लांबलं एवढंच.

मयेकरांनी तक्रार मागे घेत असल्याचं पत्र तिथेच लिहून दिलं, तेही तीन प्रतींत. लवूभाऊंनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि घडी न घालता फायलीत ठेवलं. सगळ्यांना हलकं वाटलं. कुणीतरी टाकीचा विषय काढला. चहा आला.

तेवढ्यात मयेकर म्हणाले, “काशीवहिनी राहिल्या की.”

काशीवहिनी मागच्या रांगेत बसल्या होत्या. सत्तरीच्या, बारीक, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेल्या. इतका वेळ त्या काहीच बोलल्या नव्हत्या, आणि खरं म्हणजे हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. सावित्री घाईघाईने म्हणाली, की वहिनी, तुमचं मी आधीच खोडलंय, तुम्हाला वेदिकेशेजारी घेतलंय, जिज्ञासूमध्ये.

“खोडू नको गो,” काशीवहिनी म्हणाल्या. “खरं लिहिलंयस तू. तुझी बेल वाजली की माझं दार उघडतं.”

त्यांनी हातातला कप खुर्चीखाली ठेवला.

“आपल्या दोघींच्या बेली एकाच दिवशी बसवल्या, आठवतं? एकाच माणसाने. सारख्याच वाजतात. आत बसलं की कळत नाही तुझी वाजली की माझी. म्हणून उघडून बघते.” त्यांनी पदर सारखा केला. “तुझी असते. कोण आलं होतं म्हणून विचारते मग. दार उघडलं आहेच, तर काहीतरी बोलायला हवं ना. माझा समर्थ कॅनडाला गेला त्याला नऊ वर्षं झाली. पहिली तीन वर्षं यायचा मे महिन्यात. फोन येतो हो, फोन रोज येतो. फोनला दार नाही उघडावं लागत.”

समर्थचं नाव त्या इमारतीत किती वर्षांनी कुणी मोठ्याने घेतलं होतं. तो येत नाही हे बारा बिऱ्हाडांना ठाऊक होतं, आणि काशीवहिनींना लागेल म्हणून कुणी तो विषय काढत नव्हतं. मयेकर कपातल्या चहाकडे बघत बसले.

“मी त्याला जा म्हटलं होतं,” काशीवहिनी म्हणाल्या. “हसून म्हटलं होतं. सगळे म्हणत होते, किती धीराची. तू पण म्हणालेलीस. म्हणून पोरीचं विचारत होते तुला. नक्की जाते काय, म्हणून.”

सावित्रीच्या मांडीवर वही होती. पलीकडे जिन्याच्या पहिल्या पायरीवर सानिका बसली होती. चहाचे कप न्यायला आली होती ती, आणि ट्रे तसाच गुडघ्यांवर धरून आईकडे बघत होती. लवूभाऊ फायलीची दोरी बांधत होते. बांधून झाली होती, तरी बांधत होते.

सावित्रीने वही मिटली.

“जाईल ती,” ती म्हणाली. “जायलाच हवं तिला, मीच पाठवणार आहे. बॅग पण मीच भरणार.” तिने वही शेजारच्या खुर्चीवर ठेवली. “पण मला ती जायला नको आहे, वहिनी. सानू, ऐकतेस ना? मला तू जायला नको आहेस.”